एका पैशाचा घोळ कसा सोडवायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा प्रोग्राम माझा आहे. काउंटरवरचं मशीन बदललं, मी प्रोग्राम ६४-बिट करून दिला, आणि तिसऱ्याच दिवशी दिवाणजींचा फोन. "आतलं जुनं मशीन ८१४३.८७ म्हणतंय, नवं ८१४३.८८. शेतकऱ्याला कुठली पट्टी देऊ?" (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पावती.)

असं झालं तर एकूण बेरजेत शोधत बसू नका. फरक पडलेलं एकच पोतं पकडा आणि कागदावर गुणा. आमचं पोतं ५७.१५ किलोचं, दर क्विंटलला १४,२५०, म्हणजे किलोला १४२.५०. गुणाकार ८१४३.८७५. बरोब्बर अर्धा पैसा! अर्धा पैसा वर धरायचा ही दुकानाची रीत, म्हणून ८८ खरे.

मग जुनं का चुकलं? ५७.१५ बायनरीत, म्हणजे मशीनच्या ० आणि १ च्या भाषेत, नेमका बसत नाही; डबलमध्ये (अपूर्णांक ६४ बिटांत, म्हणजे ०-१ च्या ६४ घरांत, साठवायचा प्रकार) कणभर कमी साठतो. जुना प्रोग्राम ३२-बिट डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेतला. तो ८० बिटांत गुणायचा, त्यामुळं ती कणभर तूट शेवटपर्यंत टिकायची आणि अर्धा पैसा भरायचाच नाही. नव्यात ६४ बिटांत गोल होताना गुणाकार नेमका ८१४३.८७५ वर येऊन बसला. जास्त काटेकोर मशीन चुकलं आणि कमी काटेकोर नशिबानं तरलं.

म्हणून दोन्ही मशीनं एकसारखी करायच्या मागं आधी लागू नका. दोन्हीकडं ३२-बिट प्रोग्राम टाकला असता तर भांडण मिटलं असतं, पण दोन्हीकडं ८७ आले असते.

पैशाच्या हिशेबात दशांश चिन्हच काढून टाका. वजन ग्रॅममध्ये, दर क्विंटलला पैशांत: ५७१५० गुणिले १४२५०००. त्यात ५०,००० मिळवा (म्हणजे अर्धा पैसा वर जातो), १,००,००० नं (क्विंटलचे ग्रॅम) पूर्णांक भागाकार करा, बाकी सोडून द्या. ८१४३८८ पैसे, कुठल्याही मशीनवर. फक्त चल (आकडा ठेवायची जागा, व्हेरिएबल) ६४-बिट पूर्णांक घ्या. हा गुणाकार आठ हजार कोटींच्या वर जातो आणि ३२-बिट चल २१४ कोटींपाशीच भरतं. मी पहिल्यांदा तिथंच आपटलो.

सरासरी, आलेख यांत डबल चालतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या मशीनमधल्या अपूर्णांक-गणिताच्या मानकामुळं एकाच बिटसंख्येत बेरीज-गुणाकाराचं उत्तर सगळीकडं तेच यावं लागतं. पण क्रम तुमच्या हातात: ०.१, ०.२, ०.३ डावीकडून मिळवले तर ०.६००००००००००००००१, उजवीकडून ०.६. क्रम ठरवून टाका.

राहिल्या जुन्या पट्ट्या. त्या नव्या सूत्रानं परत मोजू नका. छापलेली रक्कमच फाइलीत ठेवा. शेतकऱ्यानं दुसरी प्रत मागितली तर ८७ च छापा, त्याच्या हातात तेवढेच पडलेत.