माणूस गेला की त्याचा ॲक्सेसपण त्याच दिवशी गेला पाहिजे

इथे बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कंपनीत आयटी बघताना मला सापडलं की चार महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल अजून चालू होता, का तर एचआरकडून मला सांगायचं राहून गेलं. तेव्हापासून हे काम मी कोणाच्या आठवणीवर सोडत नाही. एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटची तारीख पडली की अकाउंट आपोआप बंद, आणि बाकीची ॲप्स एससीआयएमने (वेगवेगळ्या ॲप्समध्ये युजरची अकाउंट आपोआप उघडायची-बंद करायची ठरलेली पद्धत) जोडायची, २०१५ पासून त्याचं २.० स्टँडर्ड आहे आणि बरीच मोठी ॲप्स ते चालवतात. पण आधी फक्त सस्पेंड करा हं, डिलीटची घाई नको, कारण डिलीट केलेला युजर मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची युजर अकाउंट सांभाळायची सेवा) ३० दिवस परत आणता येतो, गूगल वर्कस्पेसमध्ये २०च. चालू सेशनपण, म्हणजे आधीच केलेलं लॉगिन, तोडा, नाहीतर त्याच्या मोबाइलवर मेल उघडा राहू शकतो. डिपार्टमेंट बदललेल्यांचे जुने हक्क काढायला तर सगळेच विसरतात, म्हणून परवानगी माणसाला नाही, डिपार्टमेंटच्या ग्रुपला द्या, म्हणजे माणूस ग्रुपमधून काढला की त्याचे हक्कपण जातात. जे जुनं सॉफ्टवेअर जोडताच येत नाही त्याच्यासाठी निदान त्याच दिवशी आयटीला आपोआप तिकीट (कामाची नोंद) पडेल असं करा.