शाळेच्या प्रकल्पासाठी नेटवर शोध कसा घ्यावा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘काका, पंचगंगेचा प्रोजेक्ट द्या.’ काका विचारतात, ‘किती पानी?’ दहा पानी, वीस पानी, रंगीत, साधा, सगळं तयार असतं. मुलगा प्रिंट घेतो, घरी पालक फाईलला लेस लावतात आणि त्याला ‘नेटवरून केलेला प्रकल्प’ म्हणतात. आठवी ते दहावीच्या मुलांकडून मी बरीच वर्षं हे प्रकल्प करून घेतोय. तेव्हा खालचं सगळं त्या मुलांसाठी आहे ज्यांना खरंच काही शोधायचंय. बाकीच्यांसाठी काका आहेतच.

विषय आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोल्हापूरचा महापूर’ हा विषय झाला. ‘२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोका पातळीच्या वर किती दिवस होतं?’ हा प्रश्न झाला. ज्याचं उत्तर गुगल एका ओळीत देतं तो प्रश्न प्रकल्पाला पुरत नाही, आणि ज्याचं उत्तर कुणी मोजूच शकत नाही तोही नाही. मधला शोधा.

सर्च मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे करा. जुनं काही हवं असेल तर स्पेलिंग बदलून बघा. ब्रिटिश काळातल्या कागदांत कोल्हापूरच्या शेवटी ‘यू’ऐवजी दोन ‘ओ’ असतात, कुठे कुठे तर चक्क ‘कोलापोर’ असतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा २४ वा खंड १८८६ चा आहे आणि तो नेटवर वाचता येतो. मराठी विश्वकोशही फुकट आहे. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण तिथे थांबायचं नाही. खाली तळटिपा असतात, त्यांवर बोट ठेवायचं.

इथवरचं कुणीही शिकवतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

आम्ही राजर्षी शाहू महाराजांवर भिंतपत्रक केलं होतं. मुलांनी जन्मतारीख लिहिली २६ जुलै १८७४. मी विचारलं, ‘कुठून घेतली?’ ‘सर, पाच साइटवर आहे की!’ पाच म्हटल्यावर मीही मान डोलावली. प्रदर्शनाच्या दिवशी एक आजोबा पत्रकासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, मग आपण जयंती २६ जूनला कशाला करतो?’ महाराष्ट्रात २६ जून सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात, हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण पाच साइटच्या वजनाखाली डोकं चालेनासं झालं होतं.

घरी येऊन त्या पाचही साइट उघडल्या. चार ठिकाणी परिच्छेद शब्दन् शब्द सारखा, एका जागी राहिलेला स्वल्पविरामसुद्धा सारखा. म्हणजे साक्षीदार पाच नव्हतेच. एकाचंच बोलणं चार तोंडांतून ऐकत होतो.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती जास्त वाईट. मला वाटलं, उलगडलं! मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा शाहू महाराजांच्या करवीर दरबारचा आदेश २६ जुलै १९०२ चा. त्याची तारीख कुणीतरी जन्माला चिकटवली असणार. दुसऱ्या दिवशी वर्गात ऐटीत सांगूनही टाकलं. पुढे कळलं की काही जुन्या छापील पुस्तकांतही २६ जुलै हीच जन्मतारीख आहे. म्हणजे नेटवाल्यांनी गोंधळ घातला नव्हता, मागून आलेलं तसंच पुढे ढकललं होतं. चुकीचं पटण्याजोगं कारण सापडलं की माणूस शोध थांबवतो, म्हणून मुलांनो, असं कारण सापडलं तर तेसुद्धा तपासायला घ्या.

तेव्हापासून माझ्या वर्गात नियम एकच: किती साइटवर आहे ते सांगू नका, पहिल्यांदा कुणी म्हटलं ते सांगा. कसं शोधायचं? संशयास्पद वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा. नक्कल केलेली सगळी पानं एका रांगेत उभी राहतात. मग गुगलच्या साधनांतून काळ मागे मागे न्या आणि सगळ्यात जुनं पान काढा. त्या पानावर लिहिणाऱ्याने कशाचा आधार दिलाय ते बघा. आधार दिला नसेल तर ते पान बाद, कितीही देखणं असलं तरी. आधार म्हणून एखाद्या सरकारी कागदाचं किंवा पुस्तकाचं नाव असेल तर तो कागद, ते पुस्तक गाठा. पान बंद पडलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता टाकून बघा, बऱ्याचदा जुनी प्रत निघते. आणि पुस्तक नेटवर नसेल तर उठून करवीर नगर वाचन मंदिरात जा. १८५० पासून आहे ते, तुमच्या वायफायची वाट बघत बसलेलं नाही.

तारखेपेक्षा आकडा जास्त फसवतो. पुराच्या प्रकल्पात दर वर्षी मला तीन रत्नं सापडतात. पहिलं: ‘पंचगंगा नदी ४३ फूट खोल आहे.’ ४३ फूट ही राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीची धोका पातळी, ३९ ही इशारा पातळी. नदीच्या खोलीशी त्याचा संबंध नाही, आणि प्रयाग चिखलीला किंवा नृसिंहवाडीला तो आकडा लागू नाही. दुसरं: ‘कोल्हापुरात धोका पातळी ४५ फूट.’ हे सांगलीचं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं. बातमीत दोन्ही शहरं एकाच परिच्छेदात असतात, मुलं वरचं सोडून खालचं उचलतात. तिसरं, कर्नाटकातल्या धरणाचं, मात्र मला मनापासून आवडतं: ‘अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटर.’ अहो, ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासून मोजलेली पाण्याची पातळी! भिंत अर्धा किलोमीटर उंच असती तर ती पन्हाळ्यावरून बघायला तिकीट लावलं असतं.

तीनही आकडे खरे आहेत, हे लक्षात घ्या. चुकलं ते त्यांचं गाव. म्हणून वहीत नुसता आकडा लिहायचा नाही. शेजारी चार गोष्टी हव्यात: कुठे मोजलं, कधी मोजलं, कुणी मोजलं आणि कशापासून मोजलं. ‘कधी’मध्ये तारीखच नव्हे, वेळसुद्धा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, पण सकाळच्या आणि रात्रीच्या बातमीत इंचांचा फरक पडतोच. दोन बातम्यांत दोन आकडे दिसले की मुलं सरासरी काढतात. काढू नका! एक सकाळचा आणि एक रात्रीचा असेल तर दोन्ही बरोबर आहेत. चारपैकी एक गोष्ट जरी सापडली नाही तरी तो आकडा प्रकल्पात येत नाही, मग त्यावाचून तक्ता अर्धा राहिला तरी चालेल.

एआयबद्दल पालक फार विचारतात. शोधशब्द सुचवायला, अवघड इंग्रजी कागद सोपा करून घ्यायला वापरा. माहितीचा आधार म्हणून नको. माझ्या एका विद्यार्थ्याने एआयकडून पाच पुस्तकांची यादी आणली होती, लेखक, प्रकाशन, सालासकट. त्यातली तीन पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. गुगलच्या डोक्यावर हल्ली जो तयार परिच्छेद येतो त्यालाही हाच न्याय.

पुराचे फोटो प्रकल्पात लावण्याआधी गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारं साधन) टाका. निम्मे भलत्याच सालाचे किंवा भलत्याच गावाचे निघतात.

लिहायला बसताना फोन दुसऱ्या खोलीत. समोर फक्त आपली वही. टॅब उघडी ठेवून लिहिलेलं मला दुसऱ्या ओळीत ओळखू येतं, कारण आमचा आठवीतला मुलगा ‘तद्वतच’ असं लिहीत नाही. आणि संदर्भात ‘गुगल’ लिहू नका. पत्ता विचारल्यावर नुसतं ‘कोल्हापूर’ सांगण्यासारखं ते. पानाचं नाव, कुणाचं आहे, कोणत्या तारखेला पाहिलं, इतकं पुरे.

तक्ते, रंग, स्लाइड: आवडेल तसं करा, मला त्यात गम्य नाही.

शेवटच्या पानावर मात्र मी एक रकाना सक्तीने ठेवायला लावतो: ‘काय सापडलं नाही’. मागे नववीतल्या एका मुलीने तिथे लिहिलं होतं, २००५ च्या पुरात आमच्या दारात किती पाणी होतं ते नेटवर कुठेच नाही. आजी म्हणते, तिसरी पायरी बुडाली होती. म्हणून मी पट्टी घेऊन पायऱ्या मोजल्या. खाली तीन आकडे होते, सेंटिमीटरमध्ये, आणि कंसात: ‘रस्त्यापासून मोजले. रस्ता नंतर दोनदा उंच केलाय, हे बाबांनी सांगितलं.’