सुरतची गाडी धुळ्यात विकताना

खान्देशातली निम्मी भावकी सुरतला. त्यामुळे जीजे-०५ नंबरच्या गाड्या धुळे-नंदुरबारकडे दारोदार दिसतात. आमच्या काकांचीही अशीच एक होती, ती मीच विकून दिली.

पहिलं काम म्हणजे एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायला ना हरकत दाखला. ती धुळ्यात मिळत नाही. गाडी जिथे नोंदलीय त्या सुरत आरटीओकडूनच आणावी लागते. फॉर्म २८, तोही ज्या आरटीओकडे गाडी जाणार त्याच्या नावाने. गिऱ्हाईक जळगावचं असेल तर एमएच-१९ लिहा, धुळ्याचा एमएच-१८ नव्हे. अर्ज परिवहनच्या साइटवर भरा, आधी थकलेली चलानं मिटवा. चेसिस नंबरचा ठसाही लागतो. नंबरावरचं ग्रीस-धूळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी घासा. एकही आकडा पुसट आला तर दुसरा कागद घ्या.

कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. ते फॉर्म ३५ देऊन काढा.

विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. एजंट म्हणेल, “भाऊ, सह्या करून ठेवा, नाव नंतर चढवू.” कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको. अपघात झाला तर नोंदीतला मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

गाडी पारच खटारा झाली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे परराज्यातला नंबरही चालतो. ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला, घेतल्याशिवाय मात्र चावी सोडू नका.