सिलॅबस न बदलता अकरावी-बारावी कॉलेजच्या कामाची कशी करायची

आपल्या इंदूरात पालक भेटले की एकच रडगाणं, सिलॅबस बदलायला हवा, पोरं कॉलेजात जाऊन गडबडतात. आता सिलॅबस काही शाळेच्या हातात नाही, सीबीएसई असो नाहीतर भोपाळचं मंडळ. पण प्रोजेक्टचे मार्क शाळेच्याच हातात असतात ना! सीबीएसईत अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, हिस्टरी, सगळीकडे ८० लेखीचे आणि २० प्रोजेक्टचे. आणि होतं काय, तर स्टेशनरीवाल्याकडून रंगीत कागद आणायचे, नेटवरचं उतरवायचं, स्पायरल बाइंडिंग, झालं काम.

तर प्रिन्सिपलना भेटाल तेव्हा 'अभ्यासक्रम सुधारणा' वगैरे नका बोलू, ते लगेच रिझल्टचा विषय काढतात. एवढंच म्हणा की प्रोजेक्ट असा द्या ज्याचं उत्तर नेटवर सापडणार नाही. म्हणजे इकॉनॉमिक्सला, चोइथराम मंडीत बटाटा काय भावाने सुटतो, आपल्या गल्लीतला ठेलेवाला काय भावाने देतो आणि मधले पैसे कुठे जातात. चार आठवडे भाव टिपायचे, तक्ता करायचा, दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची, कोणाला विचारलं ते खाली द्यायचं, मग पाच मिनिटं वर्गासमोर उभं राहून पोरांचे प्रश्न झेलायचे. मार्क या शेवटच्या भागालाच जास्त द्या, सजावटीला शून्य.

दुसरं म्हणजे नोट्स. शाळेत सर लिहून देतात, कॉलेजात प्रोफेसर नुसते बोलत सुटतात. म्हणून आठवड्यातून एक पीरियड डिक्टेशन बंद, फळाही कोरा, आणि शेवटी दहा मिनिटं शेजारच्याची कॉपी, म्हणजे वही, बघून आपलं काय सुटलं ते शोधायचं. सुरुवातीला काही कॉप्यांत सरांचा जोक सापडेल आणि व्याख्या नसेल, असू द्या.

हे सगळं अकरावीच्या एप्रिलमध्येच सुरू करा, बारावीच्या डिसेंबरनंतर प्री-बोर्डपुढे कोणी ऐकणार नाही.

सीयूईटीची, म्हणजे कॉलेज अ‍ॅडमिशनच्या देशभरातल्या परीक्षेची, प्रॅक्टिस कॉम्प्युटर लॅबमध्ये महिन्यातून एकदा पुरे. ६० मिनिटांत ५० प्रश्न, बरोबरला ५, चुकलं की १ मार्क कटणार. डीएव्हीव्हीच्या, म्हणजे आपल्या देवी अहिल्या युनिव्हर्सिटीच्या, खंडवा रोडच्या डिपार्टमेंटांत बऱ्याच कोर्सना यावरच अ‍ॅडमिशन असते. पण एवढ्यासाठी आख्खी शाळा कोचिंग करून टाकायची गरज नाही, त्याला भंवरकुआँचे कोचिंग क्लास आहेतच.

राहिलं विषय निवडणं. मध्य प्रदेशात २०२१ पासून बीए, बीएससीला मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), व्होकेशनल (कामधंद्याचा विषय) असं सगळं निवडायला लागतं आणि आपली पोरं मॅथ्स की बायो एवढंच ठरवून आलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीत जुनी मुलं घरी येतात, त्यातले दोन-तीन जण शाळेत बोलवा, टॉपरच हवा असं नाही, एटीकेटी लागलेला एखादा तर नक्कीच बोलवा. फक्त पोरांचे प्रश्न आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर सगळा वेळ हॉस्टेलच्या मेसवरच जातो.