इंग्रजीत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसा लिहायचा

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे आपल्या संशोधनाचा थोडक्यात सारांश, तो पेपरच्या सुरुवातीला असतो म्हणून बरेच जण तो आधी लिहायला बसतात आणि तिथेच गाडी अडते. आधी रिपोर्ट पूर्ण होऊ द्या. मग शब्दमर्यादा बघा, एपीए स्टाइलमध्ये (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धत) जास्तीत जास्त २५० शब्द, तुमच्या विभागाचा नियम वेगळा असेल तर तोच धरा.

आता रिपोर्ट मिटून पाच प्रश्नांची उत्तरं मराठीतच एकेका ओळीत लिहा: विषय महत्त्वाचा का, नेमकं काय शोधायचं होतं, कसं केलं, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. मराठीत लिहिलं की आपल्यालाच काय कळलंय आणि काय नाही ते लगेच दिसतं. अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा क्रमही हाच. पहिल्या प्रश्नाला एक-दोन वाक्यं पुरे, सगळ्यात जास्त जागा चौथ्याला द्या.

कारण घोळ तिथेच होतो. समजा तुम्ही ४० विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासलंय. पोरं लिहितात, ‘व्हेरियस पॅरामीटर्स वेअर स्टडीड अँड द रिझल्ट्स आर डिस्कस्ड’. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? काहीच नाही, आणि बऱ्याच जर्नल्समध्ये फुकट वाचायला फक्त अ‍ॅब्स्ट्रॅक्टच मिळतो, म्हणजे तो माणूस तिथूनच परत जाणार. त्यापेक्षा सरळ लिहा, ‘नायट्रेट एक्सीडेड ४५ मिलिग्रॅम पर लिटर इन २३ ऑफ ४० वेल्स’. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ च आहे, त्यामुळे जाणकाराला एका वाक्यात सगळं कळतं.

काळाचं सोपं आहे. केलेलं काम आणि सापडलेले आकडे भूतकाळात, त्यांचा अर्थ वर्तमानकाळात, म्हणजे ‘वी टेस्टेड’, ‘वी फाउंड’ आणि शेवटी ‘दीज रिझल्ट्स सजेस्ट दॅट’. इथे ‘प्रूव्ह’ नको, ४० विहिरींवरून एवढा मोठा दावा करता येत नाही. ‘वी’ चालतं का हे गाइडला विचारून घ्या, काही ठिकाणी अजून चालत नाही.

मराठीतून विचार करणाऱ्यांची एक खास अडचण म्हणजे आपलं क्रियापद शेवटी येतं, मग इंग्रजीतही आपण ‘सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम फोर्टी वेल्स इन टू तालुकाज ड्युरिंग मे अँड ऑक्टोबर वेअर अ‍ॅनालाइज्ड’ असं लांबवत नेतो आणि वाचणारा क्रियापदाची वाट बघत बसतो. ‘वी अ‍ॅनालाइज्ड’ पुढे आणा, वाक्य लगेच सुटसुटीत होतं. ‘अ’ आणि ‘द’ साठी मात्र एक वेगळी फेरी माराच, आपल्या भाषेत ते नसल्यामुळे घाईत हमखास सुटतात. साधारण नियम असा की पहिल्यांदा ‘अ सर्व्हे’, नंतर त्याच सर्व्हेबद्दल बोलताना ‘द सर्व्हे’.

संदर्भ, आकृत्यांचे नंबर, न उलगडलेली लघुरूपं काढून टाका. ज्या शब्दांनी लोक हा विषय सर्च करतील ते मात्र आत असू द्या.

शेवटी दुसऱ्या विभागातल्या मित्राला एकदाच वाचून दाखवा आणि विचारा, काय सापडलं रे? त्याला २३ विहिरी सांगता आल्या नाहीत तर निकालाचं वाक्य परत लिहा.