प्रेशर मोजता, मग नाडीही धरा

आमच्या वाड्यावर बीपीचं मशीन नसलेलं घर शोधावं लागेल. सकाळच्या पेजेआधी दंडाला पट्टा बांधायचा, वरचा-खालचा आकडा वहीत लिहायचा. नाडीचा तिसरा आकडा तसाच राहतो. मामीच्या मशीनवर महिनाभर हृदयाचं चिन्ह लुकलुकत होतं. आम्ही सेल बदलले! पुढे ईसीजी काढला तेव्हा कळलं, एट्रियल फिब्रिलेशन. ठोक्यांचा ताल सुटला होता.

तेव्हा आधी बोटांनी नाडी पाहायला शिका. पाच मिनिटं पाठ टेकून स्वस्थ बसा. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. मनगटाच्या घडीखाली, अंगठ्याच्या बाजूला, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठा नको, त्याचीच नाडी लागते. घड्याळ बघून पुरी 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा मिळतो, ताल नाही.

मोजताना पायाने ठेका धरा. चतुर्थीला ज्यांच्या घरी घुमट (मातीचं तालवाद्य) वाजतं त्यांना हे जास्त सांगायला नको. पाय नाडीबरोबर पडत राहिला तर ताल आहे. एखादा ठोका चुकून पुन्हा लय मिळाली तर बहुधा तो जादा ठोका असतो. डॉक्टरांच्या कानावर घाला, घाबरू नका. पण दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक दणदणीत, एक बारीक, आणि मिनिटभरात ठेका सापडलाच नाही, तर ईसीजी काढून घ्या. पक्कं निदान त्या पट्टीवरच होतं. हे दुखणं येतं-जातं, म्हणून पट्टी नीट आली तरी डॉक्टर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचं छोटं ईसीजी यंत्र, लावू शकतात.

प्रेशरचा इथे काय संबंध? वर्षानुवर्षं चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड, ताठर होतो. त्याच्यात रक्त ओतणारा वरचा कप्पा मग ताणला जातो, त्याच्या भिंतीत चट्टे पडतात, आणि विजेचे संदेश वाट चुकतात. वरचा कप्पा नुसता थरथरतो. खालचा नीट भरत नाही, शिवाय धावतोही जास्त. असं आठवडेच्या आठवडे चाललं की थकतो. हे हार्ट फेल्युअर. हृदय बंद पडत नाही, पंप अपुरा पडतो. अपुऱ्या पंपाने वरचा कप्पा आणखी ताणतो, म्हणजे फिरून तेच.

नाडी अनियमित असेल तर मशीनचा एकच आकडा धरू नका. मिनिट-मिनिट थांबून तीनदा मोजा, सरासरी लिहा.

पंपाची खबर वजनकाटा देतो. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, साठलेलं पाणी. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, रात्री एक उशी जास्त लागते का, तेही बघा. जिन्यावर लागणारी धाप वयाच्या खात्यावर टाकू नका.

मिठाचं मात्र आपल्याकडे कठीण. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर, तेवढीच मुभा. पेजेबरोबरचा खारा बांगडा, लोणचं, पापड, सगळं त्यातच आलं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी भिजवली तर मीठ थोडं उतरतं, जात नाही. फेणीही ताल बिघडवते, लग्नाघरची तर नक्कीच.

थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका सुमारे पाचपट. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. अॅस्पिरिन तिची जागा घेत नाही. बरं वाटलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका. ती गोळी वॉरफरिन असेल तर तांबडी भाजी (लाल माठ) सोडायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखी खा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहा. पावसात गुडघे धरले म्हणून फार्मसीतून आपल्या मनाने आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आणणं सगळ्यात वाईट: प्रेशर वाढतं, पाणी साठतं, रक्तस्रावाची भीती वेगळीच.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर 108 लावा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचल्यावर रक्त पातळ करणारी कोणती गोळी, शेवटची कधी घेतली, हे विचारतीलच. गोळीचं नाव आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी आजच बीपी मशीनच्या डब्यात ठेवा.