‘इन कोल्ड ब्लड’ पुन्हा वाचताय? समासात साक्षीदार लिहा

अमेरिकेतल्या एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाची खरी हकिगत सांगणारं ट्रूमन कपोटीचं ‘इन कोल्ड ब्लड’ कॉलेजात असताना वाचलं असेल आणि आता केस पिकल्यावर पुन्हा हातात घेणार असाल, तर स्वतःची प्रत घ्या आणि पेन्सिल जवळ ठेवा. लायब्ररीच्या पुस्तकावर हे करता येत नाही. पहिल्या वेळी आपण ‘पुढे काय झालं’ म्हणून पानं उलटतो. या वेळी प्रत्येक प्रसंगाला एकच विचारायचं: हे लेखकाला कोणी सांगितलं?

मी बडोद्याच्या न्यायमंदिरात बरीच वर्षं स्टेनो होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हा प्रश्न ठरलेला. ऐकीव गोष्टीला कोर्ट सहसा धरत नाही. पुस्तकालाही तोच प्रश्न लावा आणि उत्तर समासात लिहा.

सोप्या जागेपासून सुरुवात करा. खुनाच्या आदला दिवस: १४ नोव्हेंबर १९५९, शनिवार, कॅन्ससमधलं होल्कम गाव. १६ वर्षांची नॅन्सी क्लटर ओळखीच्या एका मुलीला चेरी पाय करायला शिकवते. ती मुलगी नंतर हयात होती, म्हणजे साक्षीदार आहे. त्याच दिवशी नॅन्सीचे वडील हर्बर्ट ४०,००० डॉलरचा विमा उतरवतात, एजंट साक्षीदार. पण सकाळी घरचे झोपलेले असताना हर्बर्ट एकटे दूध पितात, सफरचंद खातात, ते कोणी पाहिलं? तिथे प्रश्नचिन्ह. खोटं म्हणून नव्हे. फक्त कोणाच्या तोंडून आलं ते तिथे दिसत नाही म्हणून.

तिसऱ्या भागातला कबुलीजबाब मात्र घाईने वाचू नका. दोन खुन्यांपैकी पेरी स्मिथ आधी सांगतो की क्लटरांच्या घरातल्या दोघी बायकांना त्याचा साथीदार डिक हिकॉकने मारलं, आणि नंतर सगळं स्वतःवर घेऊ पाहतो. जबाब फिरला की दोन्ही जबाब शेजारी ठेवायचे आणि मधल्या काळात कोण कोणाशी बोललं ते बघायचं. ती पानं लागोपाठ दोनदा वाचावीत.

संवादांपाशी मी स्वतः फार काटेकोर होते. मुलाखतीच्या वेळी कपोटी टेपरेकॉर्डर वापरत नव्हता, समोर बसून टिपणंही घेत नव्हता. नंतर आठवून लिहायचा. सोबत त्याची मैत्रीण, लेखिका हार्पर ली होती, तिनेही टिपणं केली. तरी शॉर्टहँड येणाऱ्यालासुद्धा भरभर बोलणाऱ्याचं लांब वाक्य जसंच्या तसं धरताना दम लागतो. म्हणून अवतरणचिन्हांतली लांबलचक भाषणं मी बोलण्याचं सार म्हणून वाचते. तुम्हीही तसंच वाचा.

शेवटचा स्मशानभूमीतला प्रसंग घडलेलाच नव्हता. तो कल्पित म्हणून वेगळा काढा. सुगावा लागल्यावर तपास अधिकारी हिकॉकच्या आईवडिलांकडे लगेच गेले असं पुस्तक सांगतं. २०१३ मध्ये उजेडात आलेल्या कागदपत्रांप्रमाणे ते पाच दिवसांनी गेले. हा फरक लहान नाही. त्यामुळे पुस्तकातला तपास प्रत्यक्षात होता त्याहून चपळ वाटतो.

आता समास चाळा. खुणा मोजू नका, त्या कुठे साचल्यात ते बघा. पेरीचं नाव सारखं येईल. पकडल्यापासून १४ एप्रिल १९६५ ला फाशी होईपर्यंत त्याला बोलायला वर्षं मिळाली, आणि ऐकणारा लेखक मिळाला. क्लटर कुटुंबातल्या चौघांना काहीच मिळालं नाही. हर्बर्ट, त्यांची बायको बॉनी, नॅन्सी आणि तिचा १५ वर्षांचा भाऊ केन्यन यांच्याबद्दल जे आहे ते दुसऱ्यांच्या आठवणींतून आलेलं आहे. पहिल्या वाचनात आपला जीव पेरीसाठी का तुटला, याचं बरंचसं उत्तर मला इथेच मिळालं. कपोटीची भाषा सुंदर आहे, यात वाद नाही. म्हणूनच एवढी काळजी घ्यायची.

फिलिप टॉम्पकिन्सने १९६६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात या पुस्तकाची तपासणी छापली. फाशीच्या चौथऱ्यावर पेरीने माफी मागितली असं कपोटी लिहितो. टॉम्पकिन्सने तिथे हजर असलेल्या पत्रकारांची टिपणं ताडून पाहिली, त्यांत माफी नाही. तो लेख मिळवा, पण आपल्या खुणा पूर्ण झाल्याशिवाय उघडू नका. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि त्याला दिसलेलं तुमच्याकडून कुठे सुटलं, तुम्हाला दिसलेलं त्याच्याकडून कुठे, ते तपासा.